चार मित्र आणि जपानचा भात



गेल्या महिन्यात एका भगिनीचे पत्र आले. तिने लिहिले होते, "साहेब, तुम्ही मित्रांबरोबर जपान बघून आलात असे कानावर आले. करप्याचे आणि खतांच्या मात्रांचे आम्ही दर आठवड्याला वाचतोच. एखाद्या वेळी तिकडे काय पाहिले, काय खाल्ले ते लिहा. आणि शेतकऱ्याने असे कामधाम सोडून फिरायला जावे का, तेही सांगा."

पत्र वाचून हसू आले. पण प्रश्न खरा आहे. तेव्हा आज फवारणीचा पंप कोपऱ्यात ठेवू आणि जरा फिरून येऊ.

आम्ही चौघे शेतकी कॉलेजच्या वसतिगृहात एका खोलीत राहिलेले. पुढे ज्याच्या त्याच्या धंद्यावरून नावे पडली ती आजही चालतात. नाशिककडचा तो द्राक्षवाला. जन्मभर पीककर्जाच्या फायली हाताळून नुकताच निवृत्त झालेला तो बँकवाला. भोर तालुक्यातला, गळ्यात तुळशीची माळ घातलेला तो भातवाला. आणि गावोगाव शेतकरी मेळाव्यांत बोलत फिरणारा मी, म्हणून भाषणवाला. २०१७ साली आम्ही चौघांनी भिशी लावली. दरमहा अडीच हजार बाजूला काढायचे, कोणी उचलायचे नाहीत आणि पुरेसे जमले की एकदा चौघांनी मिळून समुद्रापलीकडे जायचे. २०२० च्या टाळेबंदीत द्राक्षवाल्याचा माल वेलीवर राहिला, तेव्हा सगळी भिशी त्याला देऊन टाकली. दोन वर्षांत त्याने ती पै न पै परत भरली. त्यामुळे जायचे ठरले तेव्हा जपानपेक्षा या गोष्टीचेच समाधान मोठे होते.

शेतकऱ्याची सहल म्हणजे आधी पिकाला विचारावे लागते. सप्टेंबर २०२४ ठरला. भात निसवायला लागलेला, द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी अजून पुढे. गणपतीत घर सोडायचे नाही, म्हणून अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, १८ तारखेला निघायचे. पितृपंधरवड्यात भातवाल्याच्या आईची अविधवा नवमी, म्हणून तिच्या आत घरी पोचायचे. असा हातात आठवडा आला.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी भातवाल्याच्या घरी गेलो. त्याचे वडील, आप्पा, ओटीवर बसले होते. वय ब्याऐंशी. म्हणाले, "जपानला चाललायसा म्हणं. तिथं अजून दोरी धरून लावत्यात का, तेवढं बघून या."

तरुण वाचकांना या दोरीचा इतिहास ठाऊक नसेल. १९५३ साली आपल्या देशात 'जपानी पद्धतीची भातलागवड' ही मोहीम सुरू झाली. रोपे गादीवाफ्यावर करायची, बी थोडे पण निवडक वापरायचे, शेणखत-कंपोस्ट भरपूर द्यायचे, चुडात रोपे मोजकीच ठेवायची, ती दोरी धरून ओळीत लावायची आणि ओळींमधून कोळपे फिरवायचे, अशी ती रीत. आप्पा तेव्हा दहा-अकरा वर्षांचे पोर. शेतकी खात्याचा माणूस दोरीचे एक टोक त्यांच्या हाती देई आणि बांधावर उभे करी. गावातली माणसे हसत. "भाताला काय पंगतीला बसवायचंय का?" असे म्हणत. पण आप्पांच्या खाचरात ती दोरी टिकली. आज आम्ही चारसूत्री पद्धत म्हणून जे सांगतो, त्यातही दोरीवरची लावणी आहेच.

असो. पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट बांधले. जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की मांसाचे पदार्थ त्या देशात नेऊ देत नाहीत आणि ताजी फळे-भाज्या तपासणीच्या दाखल्याशिवाय नेता येत नाहीत. रोगकिडी बाहेरून येऊ नयेत म्हणून ही काळजी. मला ती आवडली.

टोकियोत पहिल्या सकाळी आसाकुसा भागातल्या सेन्सो-जी देवळात गेलो. इसवी सन ६२८ मध्ये नदीत मासे धरणाऱ्या दोघा भावांच्या जाळ्यात कान्नोन, म्हणजे आपला अवलोकितेश्वर, याची मूर्ती आली, अशी तिथली कथा. भातवाला म्हणाला, "देव सापडायचा तो राबणाऱ्यालाच." देवळापुढे धुपाचे मोठे पात्र आहे. लोक तो धूर ओंजळीने अंगावर घेतात. दुखणारा भाग बरा होतो अशी समजूत. आम्ही चौघांनीही गुडघ्यांवर घेतला. समोरच्या गल्लीत दोन्ही अंगांना दुकाने. तिथे तांदळाच्या जाड चकत्या निखाऱ्यावर भाजून वर सोयाबीनचा खारट रस लावून देतात. कुरकुरीत, गरम. भातवाल्याने चार खाल्ल्या.

जेवणाची पंचाईत मात्र त्याचीच झाली. संध्याकाळी गव्हाच्या जाड शेवयांचा रस्सा मागवला. त्याला उदोन म्हणतात. त्यात ना मासा, ना मांस. पहिला घोट घेऊन द्राक्षवाला म्हणाला, "थांब रे, तू खाऊ नकोस." चौकशी केली तर रस्सा वाळवलेल्या माशाच्या किसाचा. तिकडे बहुतेक रश्शांचा पाया म्हणजे 'दाशी', आणि दाशी बहुधा माशाची. ताटात मासा दिसत नाही म्हणून जेवण शाकाहारी झाले, असे तिथे समजू नये. त्या रात्री भातवाला नुसता भात आणि आपले मेतकूट जेवला आणि वर म्हणाला, "घरी तरी निराळं काय जेवतो?"

दुसऱ्या दिवसापासून युक्ती सापडली. तिथल्या चोवीस तास उघड्या दुकानांत भाताचे तिकोनी मुटके मिळतात, त्यांना ओनिगिरी म्हणतात. बाहेरून समुद्रशेवाळाची पापडी आणि आत निरनिराळे सारण. त्यातले खारवलेल्या आंबट फळाचे, उमेबोशीचे, निवडायचे. चवीला थेट आपले मुरलेले लिंबाचे लोणचे. शिवाय बँकवाल्याने 'मासे, मांस, अंडी आणि माशाचा रस्सा चालत नाही' असे जपानीत लिहिलेला कागद तयार करून घेतला. तो दाखवला की वाढणारी बाई वाचायची, विचार करायची आणि काय चालेल ते बोटाने दाखवायची. कोणी कपाळाला आठी घातली नाही.

तिसऱ्या दिवशी टोकियो सोडले आणि दक्षिणेला चिबा प्रांतातल्या कामोगावाला गेलो. गाडीने दोन तास. टोकियोच्या दिव्यांपेक्षा आम्हाला तिथेच जास्त जायचे होते, कारण तिथे ओयामा सेनमाईदा नावाची डोंगरउतारावरची भातखाचरे आहेत.

वाटेत रस्त्याच्या कडेला एक 'मिची-नो-एकी' लागले. शब्दशः अर्थ 'रस्त्याचे स्टेशन'. वाहनांनी थांबावे, हातपाय धुवावे, खावे आणि आसपासच्या शेतकऱ्यांचा माल घ्यावा, अशी ही सोय. १९९३ पासून सुरू झाली आणि आता देशभरात बाराशेच्या वर ठिकाणी आहे. शेतकरी सकाळी स्वतः माल आणून मांडतो. पिशवीवर त्याचे नाव आणि किंमत. ती किंमत त्याने स्वतः घातलेली. विकले त्यातून स्टेशनची ठराविक टक्केवारी कापली जाते, न विकलेला माल ज्याचा त्याने परत न्यायचा. द्राक्षवाला त्या पिशव्यांपुढे बराच वेळ उभा होता. 'शाइन मस्कॅट' जातीची हिरवी बिनबियांची द्राक्षे होती, एका घडाला आपले हजार-बाराशे रुपये. तिकडे घडाघडाला कागदी पिशवी बांधतात आणि वेलीवर घड मोजके ठेवतात. पण तो किमतीवर बोलला नाही. म्हणाला, "तीस वर्षं माल पिकवतो. किंमत माझ्या हातानं एकदाही लिहिली नाही."

तिथेच आम्हाला घरची भेट झाली. उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा! जपानचा बहुतेक भुईमूग एकट्या चिबा प्रांतात होतो आणि सप्टेंबरात ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून खातात. उकडण्यासाठीच काढलेली 'ओमासारी' नावाची जात आहे. दाणा आपल्या दाण्याच्या जवळजवळ दुप्पट. चौघे रस्त्याकडेच्या बाकावर बसलो आणि टरफलांचा ढीग लावला. परदेशात आहोत हे अर्धा तास कोणाच्या ध्यानात नव्हते. मग टरफले टाकायची कुठे, हा प्रश्न पडला. तिकडे रस्त्यावर कचऱ्याचे डबे नसल्यासारखेच. आपला कचरा आपण पिशवीत घालून मुक्कामी न्यायचा. आम्हीही नेला.

उतरलो ते एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरी. तिथे गावाकडे घरातल्याच दोन-चार खोल्या पाहुण्यांना देण्याची पद्धत आहे. जमिनीवर लव्हाळ्याच्या जाड चटया, त्यावर गाद्या घालून झोपायचे. बोलणे मोबाइलवर. आपण मराठीत बोलायचे, तो जपानीत उमटवतो. कधी कधी भलतेच उमटवत असावा, कारण आजीबाई मध्येच तोंडावर हात धरून हसत.

बँकवाल्याचा कागद आधीच पोचलेला होता. आजींनी भातवाल्यासाठी रस्सा वेगळा केला होता, कोम्बू नावाच्या समुद्रशेवाळाचा आणि वाळवलेल्या अळिंबीचा. जेवणाआधी सगळ्यांनी हात जोडले आणि 'इतादाकिमासु' म्हटले. जे मिळाले ते मी नम्रपणे घेतो, असा अर्थ. मग भात. दाणा आपल्या आंबेमोहोरासारखा आखूड, पण वास नाही आणि शिजल्यावर चिकट. त्यात अमायलोज नावाचे पिष्ट कमी असते, म्हणून दाणे एकमेकांना धरून राहतात आणि काड्यांनी उचलता येतात. ही कोशिहिकारी जात, १९५६ सालची. इतक्या वर्षांनंतरही ती तिथे सर्वांत जास्त पेरली जाते. भाजी, वरण काही न घेता द्राक्षवाल्याने अर्धा वाडगा नुसता भात खाल्ला आणि म्हणाला, "याला काही लावायलाच नको."

बाकीचे ताट पाहून मी मात्र अंतर्मुख झालो. तोफू म्हणजे सोयाबीनचे पनीर. मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला मसाला, त्याचे कढण. एदामामे म्हणजे सोयाबीनच्या हिरव्या शेंगा मीठ घालून उकडलेल्या, आपल्या तुरीच्या शेंगांसारख्या. नात्तो म्हणजे आंबवलेले, तार सुटणारे सोयाबीन. नात्तोचा वास घेऊन बँकवाल्याने वाटी हळूच माझ्याकडे सरकवली, हे खरे. पण विचार करा. आपण महाराष्ट्रात लाखो हेक्टरांवर सोयाबीन पेरतो आणि पोते बांधून बाजारात नेतो. घरात एक दाणा शिजत नाही. ते लोक बहुतेक सोयाबीन बाहेरून विकत आणतात आणि तीन वेळच्या ताटात खातात.

सकाळी खाचरे पाहायला गेलो. डोंगरउतारावर लहानमोठी ३७५ खाचरे, एकाखाली एक. नदी नाही, कालवा नाही, विहीर नाही. सगळी पावसाच्या पाण्यावर. आमचा भातवाला बांधावर उकिडवा बसला आणि त्याने मूठभर माती उचलून बोटांत मळली. दरवर्षी लावणीपूर्वी बांधाला आतून चिखलाने लिंपून काढतात, पाणी झिरपू नये म्हणून. तेही आपल्यासारखेच. कापणी उरकलेली होती. धसकटांना हिरवे फुटवे आले होते आणि एका कडेला बांबूच्या आडव्या काठीवर भाताच्या पेंढ्या उलट्या टांगून वाळत ठेवल्या होत्या. रानडुकरे येऊ नयेत म्हणून विजेची तार ओढलेली. तेही आपल्यासारखेच!

आणि बांधाबांधावर लाल फुले. पान एक नाही, नुसता दांडा आणि त्यावर लाल फुलाचा झुबका. नाव हिगानबाना. कांदा विषारी असतो, म्हणून उंदीर आणि चिचुंद्रीसारखे जमीन पोखरणारे प्राणी बांधाला लागत नाहीत, यासाठी पूर्वजांनी ती लावली. याच फुलाला तिकडे 'मानजुशागे' असेही म्हणतात आणि तो शब्द संस्कृत 'मंजूषक' वरून गेलेला आहे. बौद्ध ग्रंथांबरोबर तो तिथवर पोचला.

हिगान म्हणजे दिवसरात्र समान होतात तो आठवडा. त्या आठवड्यात ते लोक पूर्वजांच्या समाधीवर जातात. घरी परतलो तर आजींनी चिकट भाताचे गोळे करून वर लाल चवळीसारख्या अझुकी कडधान्याचे गोड पुरण थापले होते. त्याला ओहागी म्हणतात. त्यातले दोन बशीत घालून त्यांनी देव्हाऱ्यासारख्या कपाटात, घरातल्या गेलेल्या माणसांच्या फोटोपुढे ठेवले. आमच्याकडे पितृपंधरवडा, त्यांच्याकडे हिगान. भातवाल्याला कोणी काही सांगितले नाही. तो उठला, त्या बशीपुढे बसला आणि त्याने हात जोडले. आजींनी त्याच्याकडे पाहिले आणि त्याच्या पुढ्यात एक ओहागी जास्त ठेवला.

मग त्याने आप्पांचा प्रश्न विचारला. म्हातारबाबा आत गेले आणि एक जुना फोटो घेऊन आले. लावणीचा दिवस, गुडघाभर चिखलात पंधरा-वीस माणसे, आणि दोन टोकांना दोन पोरे दोरी ताणून उभी. बाबा म्हणाले, खाली सपाटीवर सगळीकडे यंत्राने लावणी होते, कधीचीच. इथे यंत्र वळत नाही, म्हणून हाताने. पण फोटोतली माणसे गावातली नाहीत. ती टोकियोची.

ही व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. गावातली तरुण पोरे शहरात गेली. म्हाताऱ्यांच्याने खाचरे ओढवेनात. मग २००० सालापासून गावाने एक योजना केली. शहरातले कुटुंब वर्षाची ठराविक रक्कम भरून एक खाचर घेते. लावणीला, बेणणीला, कापणीला येऊन स्वतः काम करते, गावातली अनुभवी माणसे शिकवतात आणि रोजची राखण करतात. पिकलेला तांदूळ त्या कुटुंबाचा. जमिनीची मालकी मात्र मूळ शेतकऱ्याचीच. हे शेवटचे वाक्य आपल्याकडच्यांनी दोनदा वाचावे.

या योजनेने सगळे भले झाले असे मी म्हणणार नाही. २००० साली जपानात मुख्य धंदा शेती असलेले सुमारे २४ लाख लोक होते. २०२४ साली ते ११ लाखांवर आले आणि त्यांचे सरासरी वय ६९. त्याच वर्षी ऑगस्टात शहरांतल्या दुकानांत तांदळाचे कप्पे रिकामे पडले होते. आधीच्या वर्षीच्या उन्हाने दाण्याची प्रत बिघडली आणि भूकंपाच्या इशाऱ्याने लोकांनी साठा केला, अशी त्याची कारणे. २०२५ साली पाच किलो तांदळाची किंमत चार हजार येनच्या वर गेली, म्हणजे आपले सव्वादोन-अडीच हजार रुपये, वर्षापूर्वीच्या जवळजवळ दुप्पट. सरकारला राखीव कोठारे उघडावी लागली. जो देश जवळजवळ पन्नास वर्षे शेतकऱ्यांना भाताखालचे क्षेत्र कमी करा म्हणत होता, त्या देशाची ही गोष्ट आहे. क्षेत्र एकदा सुटले आणि करणारा हात म्हातारा झाला की गरजेच्या वेळी तो एका हंगामात परत येत नाही.

त्या संध्याकाळी जवळच्या गरम पाण्याच्या हौदावर अंघोळीला गेलो. तिकडची रीत अशी की आधी बाहेर साबण लावून स्वच्छ व्हायचे आणि मग अंगावर एक सूत न ठेवता सगळ्यांनी त्या हौदात बसायचे. पन्नाशी उलटलेले आम्ही चौघे दारातच अडलो. शेवटी द्राक्षवाला म्हणाला, "हॉस्टेलच्या मागच्या ओढ्यात काय घालून पोहत होतास?" मग सगळे आत. गळ्यापर्यंत ऊन पाणी आणि बाहेर काळोख. तिथे, त्या पाण्यात, भातवाला पहिल्यांदा बोलला.

म्हणाला, वरची चार खाचरे विकायचा सौदा होत आलाय. रस्ता झाला तेव्हापासून गिऱ्हाईक आहे. पोरगा पुण्यात कंपनीत, तो म्हणतो तुम्हाला झेपत नाही तर काढून टाका. आप्पांना अजून सांगितलेले नाही. परत गेल्यावर सही करायची आहे. "आणि म्हाताऱ्यानं मला दोरी बघायला धाडलंय," असे म्हणून तो गप्प झाला.

तीस-पस्तीस वर्षांची मैत्री, फोन रोजचा. पण ही गोष्ट त्याने आम्हाला सांगितली नव्हती. घरी असताना सांगायला सवड कुठे असते? बँकवाल्याने आकडा विचारला, कर्ज विचारले. द्राक्षवाल्याने विचारले, पैसे आले तर त्याचे करणार काय? मी नेहमीचा भाषणवाला. पण त्या रात्री भाषण केले नाही. विकू नको असेही म्हटले नाही. ज्याच्या खांद्यावर जू, त्यालाच त्याचे वजन.

पुढचे दोन दिवस क्योतो आणि नाराला गेले. बुलेट गाडीने क्योतो सव्वादोन तास. स्टेशनवर जेवणाचे डबे मिळतात, प्रांताप्रांताचे निराळे. ते गाडीत उघडून खायचे आणि खिडकीतून पिवळी भातशेते पळताना पाहायची, यासारखे सुख नाही. क्योतोला फुशिमी इनारीचे देवस्थान डोंगरावर आहे. इनारी हे भाताचे दैवत. केशरी-लाल लाकडी कमानी हजारोंनी, एकीला लागून एक, पार डोंगरमाथ्यापर्यंत. लोक नवस फेडायला त्या उभ्या करतात. दैवताचा दूत कोल्हा, कारण तो शेतातले उंदीर खातो असे सांगतात. नाराला तोदाई-जी देवळात बुद्धाची प्रचंड ब्राँझची मूर्ती आहे. इसवी सन ७५२ मध्ये तिचे डोळे उघडण्याचा विधी बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूच्या हातून झाला. बाहेर हरणे मोकळी फिरतात. बँकवाल्याच्या हातातला नकाशा एका हरणाने खाल्ला आणि पुढचा रस्ता आम्ही विचारत विचारत काढला. हसून हसून पोट दुखले. भातवालाही हसत होता.

नवमीच्या आत घरी पोचलो. आप्पांना त्याने मोबाइलवर तो फोटोचा फोटो दाखवला. आप्पांनी तो डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ पाहून म्हणाले, "दोरी ढिली धरलीय पोरांनी." मग त्याने सौद्याचेही सांगितले. आप्पा रागावले नाहीत. "तुझं तू बघ. मला आता वर चढवत न्हाई," एवढेच म्हणाले.

त्या वर्षी सही झाली नाही. २०२५ च्या आवणीला पोराने कंपनीतले सहा मित्र आणले. त्यांनी दोन दिवस चिखल केला, ओळी वाकड्या लावल्या, पिठले-भाकरी आणि आंबेमोहोराचा भात पोटभर खाल्ला. चार खाचरांतली दोन लावून झाली, दोन पडीक राहिली. आप्पांना खुर्चीत बसवून खालच्या बांधापर्यंत नेले होते आणि दोरीचे एक टोक त्यांच्या हाती दिले होते. गिऱ्हाईक अजून फोन करते. पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही.

आता त्या भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर. शेतकऱ्याने जरूर फिरावे. जपानच पाहिजे असे नाही. शेजारच्या तालुक्यातली चांगली शेती, एखादे देवस्थान, दोन मुक्काम, एवढेही चालते. कर्ज काढून जाऊ नये, भिशी लावावी. पिकाची सवड पाहावी. जाताना जिवाभावाची माणसे बरोबर घ्यावीत. आणि एक गोष्ट कबूल करतो. आमच्या त्या आठवड्यात धारा, वैरण आणि पाणी आमच्या घरच्या बायकांनी सांभाळले. परत आल्यावर त्यांनी चौघींची वेगळी भिशी सुरू केली आहे. त्यांची सहल ठरेल, तेव्हा धारा काढायची पाळी आमची, असे लेखी घेतले आहे.

पुढील अंकी हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेविषयी. बियाणे घेतले असेल तर उगवणशक्तीची चाचणी तोवर करून ठेवा.